छोट्या प्लेटवर घरातली माणसं राखाडी का होतात?

एचिंगबद्दलचा, म्हणजे धातूची प्लेट अ‍ॅसिडने कोरून तिच्यावरून चित्र छापण्याबद्दलचा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १० बाय १२ सेंटिमीटरची जस्ताची प्लेट, नायट्रिक अ‍ॅसिड, आणि विषय घरातलेच: आजी तांदूळ निवडतेय, आई ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे. स्केचबुकात पेन्सिलीचं चित्र छान दिसतं, पण प्रूफ (चाचणीचा छाप) काढला की सगळं एकसारखं राखाडी होतं. चेहरा काळवंडतो, आणि जिथे दाट काळोख हवा तो कोपरा उलट फिका पडतो. सुई बारीक घेऊ की अ‍ॅसिड सौम्य करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींनी थोडाच फरक पडेल. सुई फक्त ग्राउंड, म्हणजे प्लेटवरचा अ‍ॅसिड अडवणारा मेणाचा थर, खरवडते. रेघ किती जाड आणि किती काळी छापली जाणार, हे मुख्यतः प्लेट अ‍ॅसिडमध्ये किती वेळ होती त्यावर ठरतं. वर्णनावरून दिसतंय की तुमची अख्खी प्लेट एकाच फेरीत बाईट झाली आहे, अ‍ॅसिडने एकदाच कोरली गेली आहे. म्हणजे आजीच्या गालावरची रेघ आणि फडताळाखालच्या अंधारातली रेघ, दोन्ही एकाच खोलीच्या. पेन्सिलीत हाताच्या दाबाने जे आपोआप होतं ते इथे होत नाही. तुम्ही सुईवर किती जोर दिला याचं अ‍ॅसिडला काही सोयरसुतक नसतं. दुसरी गोष्ट अशी की मोठं चित्र लहान करून प्लेटवर उतरवलंत, पण रेघा मात्र मोठ्या चित्राइतक्याच ठेवल्यात. माझ्या मते खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीत जास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

साधा हिशोब करून बघा. जमिनीवर मांडी घालून बसलेली आजी प्लेटवर साडेपाच-सहा सेंटिमीटर उंच धरली, तर तिचं डोकं साधारण दीड सेंटिमीटरचं आणि चेहऱ्याची रुंदी एक सेंटिमीटर. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात हे प्रमाण तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे डोळा दोन मिलिमीटरचा. बाईट झालेली बारीक रेघ साधारण ०.१५ मिलिमीटरची होते, आणि दोन रेघांमध्ये निदान तिच्या दुप्पट कागद उरला तरच ती रेघ म्हणून दिसते. म्हणजे त्या डोळ्यात जेमतेम चार रेघा मावतात. त्यातली एक वरच्या पापणीची आणि एक भुवईच्या सावलीची; मग गालावर क्रॉस हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची सावली) करायला जागा उरतेच कुठे? या मापाच्या चेहऱ्याला मी एकूण बारा-पंधरा खुणांची मर्यादा घालतो: पापणी, नाकाखालची सावली, ओठांची मधली फट, हनुवटीखालचा काळोख, आणि केसांच्या कडेला दोन-तीन रेघा. नाकाची बाजू, गालाची गोलाई, कपाळ हे सगळं कोरा कागद सांभाळतो. सुरकुत्या काढायचा मोह होतो, पण एक सेंटिमीटरच्या चेहऱ्यावर प्रत्येक सुरकुती जखमेसारखी दिसते. वय दाखवायला खांद्याचा बाक आणि मानेचा कोन पुरतो.

आता काळा कोपरा फिका का पडतो ते. गडद हवं म्हणून तुम्ही तिथे रेघा दाटीवाटीने, तीन थरांत, एकमेकींवर काढता. समजा दोन रेघांमधलं अंतर ०.३ मिलिमीटर आहे. नायट्रिक खाली जितकं खातं तितकं बाजूंनाही बऱ्यापैकी खातं. रेघ ०.२५ मिलिमीटर झाली की मधली भिंत फक्त ०.०५ उरते. तेवढ्याशा ग्राउंडची पकड सुटते, भिंत कोसळते, आणि रेघांच्या जागी एक उथळ खड्डा तयार होतो. शाई अरुंद खाचेत टिकते, पसरट खड्ड्यातून पुसताना निघून जाते. म्हणून कडेला काळी किनार आणि मध्ये मळकट राखाडी डाग. अ‍ॅसिडमध्ये अजून ठेवून तो काळा होत नाही, आणखी पसरतो.

यावरचा मार्ग असा की गडद जागी पहिल्या फेरीत एकाच दिशेच्या रेघा काढायच्या, अंतर अर्धा मिलिमीटर, आणि त्या खोल बाईट करायच्या. प्रूफ काढल्यावर प्लेट स्वच्छ धुऊन पुन्हा ग्राउंड द्यायचा, जुन्या खाचा ग्राउंडने नीट भरल्या आहेत ना ते तिरप्या उजेडात पाहायचं, मग दुसरा थर ४५ ते ६० अंशांत ओढून कमी वेळ बाईट करायचा. दोन थर वेगवेगळ्या वेळी बाईट झाले की छेदबिंदूंवर ग्राउंड तुटत नाही. फार चिंचोळ्या कोनात रेघा छेदल्या तर टोकं आधी तुटतात. बरोबर ९० अंशांत छेदल्या तर खिडकीच्या जाळीसारखं दिसतं. तिसरा थर फक्त एखाद्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत.

आता उजेड. छोट्या प्लेटमध्ये सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की कोरा कागद कुठे राहणार. माझ्या अंदाजाने निम्म्याहून थोडी जास्त प्लेट कोरी किंवा जवळपास कोरी राहिली तरच घरातल्या दृश्यात हवा राहते. उजेड एकाच बाजूने घ्या. पेठेतल्या वाड्याचं माजघर असेल तर ही सोय आयती आहे: एक दार किंवा एक खिडकी, बाकी अंधार. फ्लॅटमध्ये ट्यूबलाइट बंद करून गॅलरीच्या दाराकडून येणाऱ्या उजेडात बसवा. ट्यूबचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्यांना कड राहत नाही, आणि मग तुम्ही आकार दाखवायला नाइलाजाने बाह्यरेषा काढत सुटता.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६५४ सालचं मांजर आणि सापासोबतच्या मेरी आणि बाळाचं एचिंग पाहा. ते साधारण साडेनऊ बाय साडेचौदा सेंटिमीटरचं आहे, म्हणजे तुमच्या प्लेटपेक्षा किंचित मोठं. विषय धार्मिक, पण प्रत्यक्षात एक बाई जमिनीलगत बसून बाळाला कवटाळतेय, मांजर तिच्या झग्याशी खेळतंय, नवरा खिडकीबाहेरून डोकावतोय. खिडकीच्या नक्षीतला गोलच तिच्या डोक्यामागचं तेजोवलय होतो. वेगळं वलय काढायची गरजच उरली नाही. १६३५ सालचं त्याचं धिरडीवालीचं एचिंग तर आणखी छोटं. त्यात बाईभोवतीची पोरं जवळपास नुसत्या बाह्यरेषांवर भागवली आहेत. आड्रिआन व्हॅन ओस्टाडे यानेही हार्लेममध्ये अशीच शेतकऱ्यांच्या घरातली दृश्यं केली; १६४७ सालच्या कुटुंबाच्या एचिंगमध्ये छपराखालचा काळोख आणि उजळ माणसं यांची वाटणी अभ्यासण्यासारखी आहे. ही चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट मिळतात. फक्त स्क्रीनवर फुगवून पाहत बसू नका. मूळ मापात लेझर प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि हातभर अंतरावरून पाहा. फुगवून पाहण्यानेच ‘इतक्या रेघा हव्यात’ हा गैरसमज होतो.

कच्चं चित्र पेन्सिलीत करणं थांबवा, निदान या मापासाठी. पेन्सिल घासून राखाडी देते, आणि रेघेच्या एचिंगमध्ये तशी राखाडी नसते. तिथे फक्त काळी रेघ आणि पांढरा कागद. प्लेटच्याच मापाचा चौकोन आखून त्यात तीन पेनांनी काढा: ०.०५, ०.२ आणि ०.५ मिलिमीटर. हे तीन पेन म्हणजे तुमच्या तीन बाईट. चित्र या तीन पेनांत उभं राहत नसेल तर प्लेटवरही राहणार नाही, आणि ते इथे कळलं तर पत्रा वाचतो.

मोबाइलच्या फोटोवरून काम करत असाल तर दोन सवयी तपासा. एक, फोटो बहुधा उभं राहून काढलेला असतो, त्यामुळे बसलेल्या माणसाकडे वरून पाहणं होतं. त्यात देखरेख केल्याचा भाव येतो, जवळीक येत नाही. तुम्हीही जमिनीवर बसा, डोळ्यांची पातळी सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर येऊ द्या. आजी, सूप आणि मागचा उंबरठा यांचं नातंच बदलतं. दोन, फोटोत मागचा मिक्सर, डबे, कॅलेंडर सगळं सारखंच स्पष्ट असतं. मागच्या वस्तूंपैकी दोन ठेवा, बाकीच्या सोडून द्या.

आणि उलटं छापलं जाणं विसरू नका. निसर्गचित्रात उजवं-डावं झालं तर कोणाला कळत नाही. घरातल्या दृश्यात लगेच कळतं. पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत दिसते, विळीवर चिरणारा हात डावखुरा होतो. मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर मुख्य जागा काढा, तो कागद पालथा करून ग्राउंड दिलेल्या प्लेटवर ठेवा आणि प्रेसमधून अगदी हलक्या दाबाने काढा. पेन्सिलीची चंदेरी खूण ग्राउंडवर उलटी उमटते, म्हणून छाप सुलटा येतो. प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने हलकेच घासा. चित्र काढताना समोर आरसा ठेवला तर पूर्णवेळ सुलटं पाहता येतं.

काळ्या ग्राउंडवर काम करताना एक दृष्टिभ्रमही होतो. ओढलेली रेघ धातूसारखी चमकते, म्हणजे जिथे तुम्ही सावली घालताय तिथे डोळ्यांना उजेड वाढताना दिसतो. मग हात ‘अजून थोडं’ करत राहतो. म्हणून पेनचं चित्र शेजारी ठेवून रेघा शब्दशः मोजायच्या. कंटाळवाणं आहे, पण पहिल्या पाच-सहा प्लेटना करावंच लागतं.

आता बाईट. प्रचलित रीत अशी की सगळं चित्र काढून घ्यायचं, बाईट करायचं, फिक्या जागा वार्निशने झाकत जायचं. दोन मिलिमीटरच्या डोळ्यावर ब्रशने वार्निश लावताना शेजारचं बुजतं. या मापाला मी उलटा क्रम सुचवेन. आधी फक्त सगळ्यात गडद जागा काढा आणि बाईट करा. प्लेट धुऊन, पंख्याखाली वाळवून, त्याच ग्राउंडवर मधल्या छटा काढा, पुन्हा बाईट करा. शेवटी चेहरा, हात, उजेडातलं कापड. तांब्याची प्लेट आणि ती कोरायला फेरिक क्लोराइडचं द्रावण असेल तर सुरुवातीला ३०, १५ आणि ५ मिनिटं घेऊन पाहा. गडद रेघांना तिन्ही वेळा मिळून ५० मिनिटं, मधल्यांना २०, चेहऱ्याला फक्त ५. चेहरा कमी बाईट झाला तर नंतर वाढवता येतो. जास्त झाला तर स्क्रेपर (धातू खरवडायचं पातं) आणि बर्निशर (घासून गुळगुळीत करायचं हत्यार) घेऊन तासभर घासत बसावं लागतं.

हे आकडे तसेच्या तसे चालतील असं मात्र धरू नका. ते धातूवर, द्रावण किती वापरलेलं आहे त्यावर आणि हवेवर अवलंबून आहेत. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी खोलीच्या तापमानात इतका फरक असतो की तोच परिणाम यायला हिवाळ्यात दीडपट ते दुप्पट वेळ लागू शकतो. त्यासाठी अडीच बाय दहा सेंटिमीटरची चाचणीपट्टी करा. तिच्यावर एक, ०.७, ०.५ आणि ०.३ मिलिमीटर अंतराच्या रेघांचे गट लांबीने ओढा, आणि ५, १०, २०, ४०, ६० मिनिटांना एकेक भाग वार्निशने झाकत जा. छाप काढून त्यावर तारीख, तापमान आणि द्रावणाचं वय लिहा. ०.३ चा गट कितव्या मिनिटाला कोसळतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वर सांगितलेला सगळा हिशोब पटतो.

धातूबद्दल माझा कल स्पष्ट आहे: बारीक रेघेसाठी तांबं. जस्त स्वस्त पडतं, पण नायट्रिकमध्ये बुडबुडे येतात. ते रेघेवर बसून राहिले तर कड दातेरी होते, म्हणून पिसाने सतत झटकावे लागतात. शिवाय नायट्रिकची वाफ छातीला घातक आहे, बंद फ्लॅटमध्ये तर ते वापरूच नका. जस्तच वापरायचं असेल तर एक लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम मीठ हे द्रावण बघा. मोरचूद शेतीच्या दुकानात मिळतं, द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच. प्लेटवर तांबूस गाळ साचतो, तो दर मिनिटाला मऊ ब्रशने झटका. रेघ किंचित खरबरीत येते. घोंगडी, चटई, भिंत यांना ती शोभतेही, चेहऱ्याला शोभत नाही. फेरिक क्लोराइड मात्र जस्ताला लावू नका, फार जोरात आणि गरम होत खातं.

तांब्याचा दीड मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा घ्या. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांसाठी जो पत्रा येतो तो चालतो, पण ठोके न पडलेला हवा. फेरिक क्लोराइडचे खडे बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, सर्किट बोर्डवाल्यांच्या दुकानांत विचारा. पाण्यात खडे थोडे थोडे टाका, उलट करू नका. द्रावण चांगलंच तापतं. हायड्रोमीटरवर घनता १.३८ च्या आसपास आणा. प्लेट पालथी, चार कोपऱ्यांना छोटे टेकू देऊन ठेवा, म्हणजे खाचेतला गाळ खाली पडतो. सुलटी ठेवली तर गाळ रेघेतच बसतो आणि बाईट मंदावते. हे द्रावण स्टीलच्या सिंकमध्ये ओतू नका, सिंकलाच खातं. वापरून संपलं की धुण्याचा सोडा घालून गाळ बसवा आणि तो गाळ वेगळा ठेवून धोकादायक कचऱ्यात द्या. गटारात तांबं सोडायचं नाही.

ग्राउंड घरी करत असाल तर दोन भाग मधमाश्यांचं मेण, दोन भाग अस्फाल्ट, एक भाग राळ. मे महिन्यात हा मऊ पडतो आणि तळहाताचा ठसा उमटतो, तेव्हा प्लेटच्या दोन्ही बाजूंना ठोकळे ठेवून वर आडवी पट्टी टाका आणि हात तिच्यावर टेकवा. थंडीत तो कडक होऊन रेघेच्या कडेला टवके उडतात, तेव्हा मेण जरा वाढवा. ग्राउंड लावण्याआधी प्लेट खडूची पूड आणि पातळ अमोनियाने घासा; पाणी न फुटता एकसंध पसरलं म्हणजे तेलकटपणा गेला. नको तिथे येणारे ठिपके निम्म्याहून जास्त वेळा इथल्या आळसातून येतात.

वस्तूंबद्दल थोडं, कारण घरातलं दृश्य वस्तूंवर उभं राहतं. स्टीलचा डबा गोल रेघांनी गुंडाळू नका. स्टीलमध्ये उजेड आणि काळोख उभ्या पट्ट्यांत येतात, मधल्या छटा जवळपास नसतात. कोऱ्या कागदावर एक गडद उभी पट्टी आणि झाकणाखालची एक रेघ, इतक्यात डबा चमकतो. पितळेला याउलट मधल्या छटा लागतात. साडीच्या काठातली नक्षी दोन मिलिमीटरमध्ये काढायची नसते. दोन समांतर रेघा, आणि गुडघ्यावर जिथे काठ वळतो तिथेच पाच-सहा ठिपके. भिंतीला एका दिशेच्या रेघा, जमिनीला आडव्या, माणसाला अंगाच्या वळणाने. इतका दिशेचा भेद ठेवला तर माणूस भिंतीत विरघळत नाही, आणि अर्ध्या बाह्यरेषा काढाव्याच लागत नाहीत. इटालियन चित्रकार मोरांडीच्या बाटल्या-भांड्यांची एचिंगं याच कारणासाठी पाहावीत: कडा बहुतेक ठिकाणी रेघेने काढलेली नाही, दोन दाटींच्या सीमेवर ती आपोआप दिसते. भिंतीला सपाट छटाच हवी असेल तर ती रेघांकडून काढून घेऊ नका, राळेच्या बारीक कणांमधून प्लेट कोरून सपाट छटा देणारं अ‍ॅक्वाटिंट करा. अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटने १८९०-९१ मध्ये केलेल्या दहा रंगीत मुद्राचित्रांत ड्रायपॉइंटची (सुईने थेट धातूवर ओरखडलेली) रेघ मोकळी राहिली ती यामुळेच. जुनी भांडी, अडकित्ते, दिवे प्रत्यक्ष पाहून काढायचे असतील तर शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय जवळच आहे.

छपाईत बिघडवण्यासारखं थोडंच असतं. कागद अर्धा तास भिजवून टिपा. पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासूनचा कागद वापरणार असाल तर गुळगुळीत बाजू निवडा, खडबडीत पोतात चेहऱ्याच्या रेघा तुटतात. पावसाळ्यात भिजवलेला गठ्ठा दोन दिवसांहून जास्त ठेवला की बुरशी धरते. दिवसाच्या उजेडाचं दृश्य असेल तर शेवटी तळहाताने पुसून प्लेट स्वच्छ करा. समईच्या किंवा रात्रीच्या दृश्यात शाईचा पातळ पडदा राहू द्या आणि फक्त ज्योतीभोवती कापडाच्या बोळ्याने पुसून काढा. मात्र हा पडदा कच्चं रेखन झाकायला वापरू नका, पाचव्या प्रतीला तो सारखा जमत नाही.

हाती असलेल्या प्लेटचं काय करायचं? आजीचा चेहरा स्क्रेपरने खरवडून बर्निश करा, पाठीमागून हलके ठोकून धातू किंचित उचलून घ्या, आणि त्या जागी फक्त ड्रायपॉइंटने सात-आठ खुणा द्या. तेवढ्यासाठी पुन्हा अ‍ॅसिड नको. कोसळलेला काळा कोपरा दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. प्रूफवर कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या सरकवून पाहा; बहुधा आजी, सूप आणि उंबरठ्याचा तुकडा सात बाय नऊ सेंटिमीटरमध्ये पूर्ण बसतात. तेवढीच प्लेट कापा, कडांना कानशीने ४५ अंशांचा उतार द्या, नाहीतर प्रेसमधलं ब्लँकेट (प्लेटवर घालायचं जाड लोकरी कापड) कापलं जातं. उरलेली जस्ताची पट्टी फेकू नका. तिच्या मागच्या बाजूवर मोरचुदाची पहिली चाचणी होईल.